दोघांचं दुकान

माझ्या उजव्या कानाच्या पाळीला एक बारीकशी खाच आहे. ती धाकट्यानं पाडली, आणि हे सगळं त्या खाचेपासून सुरू झालं असं मी लोकांना सांगतो. खरं तर सुरुवात त्याच्या कितीतरी आधीची आहे, पण माणसाला गोष्ट आपल्याच कानापासून सांगायला आवडतं.

माझं चष्म्यांचं दुकान आणि त्या दोघा भावांचं केस कापायचं दुकान, मध्ये एकच भिंत. तीही अशी की तिकडे रेडिओ लागला की मला इकडे वेगळा लावावा लागत नाही. त्यांच्या दुकानाला रीतसर पाटी आहे, पण ती कुणी वाचत नाही. सगळे 'दोघांचं दुकान' म्हणतात. समोरच्या भिंतीवर आरसे, त्यांच्यापुढे दोन खुर्च्या, आणि गिऱ्हाईकाला आपली मान दिसावी म्हणून मागच्या भिंतीवरही एक लांबलचक आरसा. नवखा माणूस खुर्चीत बसला की आपल्याच डोक्यांची ती रांग बघून जरा दचकतो. दुकानाच्या टोकाला पडदा आणि पडद्यामागे एक खोली. तिथे पाणी तापतं, टॉवेल वाळतात आणि थोरले बसतात.

थोरले आधी तिथे बसत नव्हते. पहिली खुर्ची त्यांची होती. त्यांचा हात असा होता की दाढी करून घेता घेता माणसं झोपी जायची, आणि त्यांना उठवायचं थोरल्यांच्या जिवावर यायचं. धाकट्याला वस्तरा धरायला त्यांनीच शिकवलं, आधी फुग्याला साबण फासून. फुगे किती फुटले ते धाकटा हसत हसत सांगायचा. वडील लवकर गेले होते, त्यामुळे धाकट्याची शाळा, त्याचे कपडे, त्याचं लग्न, सगळं थोरल्यांनीच बघितलं. स्वतःचं लग्न करायचं मात्र त्यांच्याकडून राहून गेलं.

मग थोरल्यांचा हात कापायला लागला. धाकट्याची मुलगी तेव्हा रांगत होती, आज ती नोकरीला लागली आहे, यावरून काळाचा हिशेब करा. आधी फेस गालाऐवजी कॉलरवर पडायला लागला. मग एका बड्या गिऱ्हाईकाच्या हनुवटीला ब्लेड लागलं, आणि तो गृहस्थ अर्धी दाढी तशीच ठेवून तरातरा निघून गेला. दुसऱ्या दिवसापासून थोरले पडद्यामागे गेले. धाकट्यानं त्यांना सांगितलं की हा कंपवात आहे, याला औषध नाही, उगाच दगदग करू नकोस. कंपवात हा शब्द त्यानं कुणा गिऱ्हाईकाच्या तोंडून ऐकला होता. डॉक्टरकडे कुणी गेलंच नाही. डॉक्टरकडे गेलं की गावभर होतं, आणि ज्याच्या घरात हात कापणारा आजार आहे त्याच्यापुढे गळा कोण धरेल, असं धाकट्याचं गणित होतं.

पण गिऱ्हाईकं विचारायचीच की थोरले कुठे गेले, दिसत नाहीत. तेव्हा धाकटा तोंडानं काही बोलायचा नाही. एका हातात कात्री, दुसऱ्या हाताची मूठ, आणि मुठीचा अंगठा ओठांकडे. एवढंच. गिऱ्हाईक 'अरेरे' म्हणायचं, मान हलवायचं आणि गप्प बसायचं. दारुड्या भावाला घरात ठेवून पोसतोय, वर एक शब्द बोलत नाही, म्हणून धाकट्याला उलट मानच मिळाला. त्या वेळी एक विधवा शिक्षिका मुलाचे केस कापायला यायच्या. त्यांचं आणि थोरल्यांचं काहीतरी जमेल अशी चिन्हं होती, आम्ही सगळे टपून बसलो होतो. त्यांनी मुलाला दुसऱ्या दुकानात न्यायला सुरुवात केली. थोरल्यांच्या तोंडाला मला कधी वास आला नाही, त्यांचा कधी तोल गेलेला पाहिला नाही, रोज सकाळी पाण्याचे दोन कॅन घेऊन ते जिना चढताना दिसायचे. तरी मीही तो अंगठा बघितला आणि मान हलवली. दुसऱ्याला सांगितलंही. लोकांची नजर तपासून पोट भरणारा मी, आता काय बोलावं.

सगळं असं छान बसून गेलं होतं, आणि मग धाकट्याचाच हात कापायला लागला.

त्यानं ते पुष्कळ दिवस लपवलं. वस्तरा सोडून मशीन जास्त वापरायला लागला, चहाचा कप दोन्ही हातांनी धरायला लागला. कुणाच्या तरी निवृत्तीच्या पार्टीत त्याला आग्रहानं थोडी पाजली, आणि त्याच्या लक्षात आलं की बाटलीतून ग्लासात ओतताना आपला हात दगडासारखा स्थिर आहे. झालं. दुसऱ्या दिवसापासून सकाळी दुकान उघडायच्या आधी झाकणभर. झाकणभरच, त्याच्यावर थेंब नाही, हे मी शपथेवर सांगू शकतो, कारण बाटली पुढे माझ्याच कपाटात, चष्म्यांच्या फ्रेमांमागे ठेवलेली असायची. पण वास झाकणात मावत नाही. गालाजवळ तोंड नेऊन काम करणाऱ्या माणसाचा वास गिऱ्हाईकाला येणारच. आणि दुपार झाली की हात कापतोही आहे, वासही येतो आहे, म्हटल्यावर लोकांनी जो काय निष्कर्ष काढायचा तो काढला. 'थोरल्याच्या वळणावर गेला' असं त्याच्याबद्दल बोलायला लागले. करावं तसं भरावं म्हणतात, ते इतकं शब्दशः भरलेलं मी दुसरं पाहिलं नाही.

त्याच्या बायकोला, म्हणजे वहिनींना, वासही कळला आणि लोकांचं बोलणंही. त्यांनी आरडाओरडा केला नाही. बोलणं बंद केलं, आणि शेजारणींकडे जाणं बंद केलं. शेवटी एकदा माझ्या दुकानात येऊन, चष्मा पुसून घ्यायच्या निमित्तानं, एवढंच म्हणाल्या की मला रस्त्यानं चालायची लाज वाटते. ते धाकट्याच्या कानावर गेलं, कारण भिंत पातळ आहे. त्यानं झाकण बंद केलं. दोन दिवसांनी मी दाढीला बसलो आणि माझ्या कानाला खाच पडली.

तुरटी फिरवताना त्याचा हात माझ्या कानाभोवती नुसता भिरभिरत होता. मी त्याला म्हटलं, उद्या दुकान बंद ठेव, आपण डॉक्टरकडे जाऊ. तो नको म्हणाला नाही. खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "दादाचं झालं तेच माझं होणार. मला माहीत आहे." पडद्यामागे टॉवेल पिळल्याचा आवाज आला.

इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावर मेंदूच्या डॉक्टरीणबाई बसत. बाई तरुण, बोलायला मऊ, पण नजर अशी की समोरच्याला खोटं बोलताना घाम फुटावा. त्यांनी धाकट्याला हात मांडीवर ठेवून नुसतं बसायला सांगितलं. हात स्थिर. हात पुढे धरायला सांगितले, ते थरथरायला लागले. एका पेल्यातलं पाणी दुसऱ्या पेल्यात ओतायला लावलं, निम्मं टेबलावर. कागदावर गोगलगाईसारखी गोल गोल रेघ काढायला लावली, तिला काटे फुटले. बोटं टिचकीसारखी उघडायला-मिटायला लावली, चालायला लावलं, वळायला लावलं. वास नीट येतो का, असंही विचारलं. मग दारू घेता का, म्हणाल्या.

धाकटा नाही म्हणाला.

ताकाला जाऊन भांडं लपवणारी माणसं मला सहन होत नाहीत. मी म्हटलं, परवापरवापर्यंत घ्यायचा, सकाळी झाकणभर, बाटली माझ्याकडे आहे. धाकट्याची मान खाली गेली. बाईंनी रागावायला हवं होतं, निदान मला तशी अपेक्षा होती. त्यांनी त्याऐवजी विचारलं, "घेतली की हात जास्त कापतो की कमी?"

इतक्या दिवसांत हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता. बायकोनं नाही, मी नाही. तो "कमी" म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

बाईंनी समजावून सांगितलं ते मला समजलं तसं सांगतो. हात कापणं एकाच जातीचं नसतं. कंपवातात हात बहुधा रिकामा पडलेला असताना कापतो, आणि सगळ्या हालचाली मंदावतात. दुसरा एक कंप असतो तो काम करताना येतो, तो घराण्यात चालत येतो, आणि दारूच्या घोटानं पुष्कळदा तात्पुरता दबतो. दारू हे त्याचं औषध नव्हे, पण खूण आहे. धाकट्याचं लक्षण दुसऱ्या जातीचं दिसत होतं. फक्त त्याचा डावा खांदा आणि मनगट ताठ लागत होतं, ते आयुष्यभर हात वर धरून काम केल्यानं की कंपवाताच्या सुरुवातीमुळे, याची बाईंना खात्री करायची होती. म्हणून डोक्याची सोनोग्राफी करू म्हणाल्या. सोनोग्राफी म्हणजे पोटाची, एवढंच आम्हा दोघांना ठाऊक. धाकट्यानं माझ्याकडे असं बघितलं की मला त्याही परिस्थितीत हसू आलं.

खोलीत अंधार होता. धाकटा आडवा झाला, बाई त्याच्या उशाशी बसल्या. दुसऱ्यांची डोकी फिरवण्यात जन्म गेलेल्या माणसाचं डोकं आता कुणी दुसरंच हलकेच या बाजूला, त्या बाजूला वळवत होतं. बाईंनी कानाच्या पुढे, कल्ल्याच्या वरच्या टोकाला थंड जेल लावलं आणि तिथे यंत्राचा दांडा टेकवला. कवटीचं हाड तिथे सगळ्यात पातळ असतं, म्हणाल्या. ती खिडकी. तिच्यातून आवाजाच्या लाटा आत जातात आणि आतलं चित्र घेऊन परत येतात.

पडद्यावर आधी नुसता करडा धुरळा. मग बाईंनी दांडा केसभर फिरवला आणि त्या धुरळ्यात फुलपाखरासारखा एक काळपट आकार उमटला. हा मेंदूचा मधला देठ, बाई सांगायला लागल्या. कंपवात असला तर बहुतेकांच्या या पंखांमध्ये पांढरा, चकचकीत पट्टा दिसतो. तुमच्या पंखांत तसं काही दिसत नाही. मग दुसऱ्या बाजूच्या कल्ल्यापाशीही बघितलं. तिथेही पंख स्वच्छ. निरोगी माणसांतही एखाद्याला असा पट्टा असतो, तेव्हा नुसत्या चित्रावर मी काही ठरवत नाही, असं बजावून त्या म्हणाल्या की तपासणी आणि चित्र दोन्ही एकच सांगताहेत. कंपवात नाही. गोळी देते, थोडी थोडी वाढवू, हात पुष्कळसा थांबेल, काम करता येईल.

माझा जीव भांड्यात पडला. पेढे कुठून आणायचे इथपर्यंत मी पोचलो. धाकटा मात्र उठून बसला नाही. तसाच आडवा राहून पडद्याकडे बघत म्हणाला, "नीट बघा ना बाई. कुठे बारीकसा तरी असेल."

बाईंना वाटलं तो घाबरून विचारतोय. नाही हो, काही नाही, म्हणून त्यांनी त्याला धीर दिला. मी त्याचं तोंड बघत होतो. तो घाबरलेला नव्हता. तो पट्टा शोधत होता, हरवलेली किल्ली शोधावी तसा.

मग त्यानं विचारलं की घरात अजून कुणाचा हात असाच कापत असेल, तर तेही हेच असतं का. बाई म्हणाल्या, असू शकतं, कोण आहे. मोठा भाऊ, किती वर्षं झाली, हे सगळं त्यानं तुटक तुटक सांगितलं. बाईंनी विचारलं, चालतात का? चालतात. जिना? चढतात, पाण्याचे दोन कॅन घेऊन. बसलेले असताना हात कापतो? नाही, टॉवेलची घडी करताना कापतो. इतकी वर्षं कंपवात असता तर ते पाण्याचे कॅन घेऊन जिना चढले नसते, बाई म्हणाल्या, त्यांना घेऊन या. धाकटा म्हणाला, ते फार थकलेत, येऊ शकणार नाहीत. सकाळीच त्या थकलेल्या माणसानं दुकान झाडून, पाणी भरून ठेवलं होतं.

जिन्यावर, दुसऱ्या आणि पहिल्या मजल्याच्या मध्ये, तो पायरीवर बसला. माणसं त्याला ओलांडून जात होती. कुणी विचारलंही, चक्कर आली का. तो मला म्हणाला की कंपवात निघाला असता तर बरं झालं असतं. मग दादाचाही तोच असता, मग त्याला मागे बसवलं ते बरोबर झालं असतं. आणि मग त्यानं मूठ वळली, अंगठा ओठांकडे नेला आणि तो हात बघत बसला. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की तो अंगठा खोटा होता. इतकी वर्षं मला वाटत होतं, धाकट्याला काहीतरी ठाऊक असेल.

"थेंबानं शिवला नाही कधी तो," धाकटा म्हणाला. "आणि मी रोज झाकणभर घेत होतो."

मला त्याचा संताप आला. त्याला पायरीवरून ढकलून द्यावं असं वाटलं. मग मी ज्यांना ज्यांना तो अंगठा पोचवला होता ती तोंडं डोळ्यांपुढे आली, आणि मीही त्याच्या शेजारी बसलो.

गोळी लागू पडली. पुरती नाही, पण वस्तरा धरता येईल इतकी. वहिनींना डॉक्टरांनी काय सांगितलं ते मीच जाऊन सांगितलं. त्या रडल्या, आणि धाकट्याशी बोलायला लागल्या. नुसत्या बोलायला नाही, त्याला जपायला लागल्या, मी तुम्हाला नाही नाही ते समजले म्हणून दहादा म्हणायला लागल्या. धाकट्याला ते सहन होईना. माफी मागणाऱ्या बायकोवर ओरडणारा नवरा मी भिंतीपलीकडून ऐकला. गिऱ्हाईकांशीही तुसडा झाला. खाई त्याला खवखवे. थोरल्यांकडे तर तो बघायचाच नाही. टॉवेल हवा असला की पडद्याकडे पाठ करून हात मागे करायचा.

थोरले मात्र आनंदात होते. धाकट्याचा हात थांबला याचं त्यांना इतकं अप्रूप की येईल त्याला पडद्यातून डोकं काढून सांगायचे. आणि एकदा दुपारी, दुकानात मीच तेवढा असताना, ते बाहेर आले आणि चोरट्यासारखं विचारते झाले, "ती गोळी मलाही चालेल का रे? अर्धी दिलीस तरी चालेल."

धाकट्याच्या हातातली फणी खाली पडली. तो ती उचलायला वाकला आणि बराच वेळ वर आला नाही. बाईंनी बजावलं होतं की तपासल्याशिवाय गोळी कुणाला द्यायची नाही. दमा असला, नाडी मंद असली तर ती जिवावर बेतते. म्हणजे आता बाईंकडे न्यायलाच हवं होतं. त्याच संध्याकाळी धाकट्यानं बाईंची वेळ घेतली. फोन मी लावून दिला, कारण त्याला आकडे दाबता येईनात. गोळी घेऊनही.

थोरले इस्त्रीचा शर्ट घालून आले. बाईंनी पाण्याचे पेले दिले, गोगलगाय काढायला लावली, चालवलं, वळवलं, बोटं उघड-मीट करायला लावली. मग अंधाऱ्या खोलीत नेलं. कल्ल्यावर जेल, वर दांडा. पडद्यावर धुरळा. बाईंनी दांडा फिरवला, दाबला, दुसऱ्या बाजूला नेला. धुरळाच. फुलपाखरू काही येईना. उतारवयात काहींचं हाड जाड होतं, खिडकी मिटून जाते, बाई म्हणाल्या. यांच्या आतलं दिसणार नाही.

धाकटा पटकन पुढे आला. "म्हणजे यांचं काय आहे ते आता कळणारच नाही?" त्या आवाजातली आशा बाईंच्या लक्षात आली नसेल. माझ्या आली, आणि मला त्याची इतकी कीव आली की राग कुठल्या कुठे गेला.

बाई म्हणाल्या, न कळायला काय झालं. यंत्र फक्त साक्षीला. इतकी वर्षं झाली, आणि हालचाल कुठे मंद नाही, हात ताठ नाही, स्वस्थ बसले की कंप नाही. हा तुमच्यासारखाच कंप आहे, आणि पहिल्यापासून हाच असणार. मग थोरल्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी विचारलं, इतके दिवस का नाही आलात काका? तेव्हाही औषध होतं की.

थोरले ओशाळले. जणू चूक त्यांचीच. "दुकानातून वेळ झाला नाही," म्हणाले.

त्यांची नाडी, छाती, सगळं बघून बाईंनी त्यांना लहानशा मात्रेवर ठेवलं. थोरल्यांचा हात धाकट्याइतका थांबला नाही. पण टॉवेलच्या घड्या सरळ पडायला लागल्या, चहा बशीत सांडेनासा झाला. आणि मग एका सकाळी, दुकान गिऱ्हाईकांनी भरलेलं असताना, धाकट्यानं पडदा बाजूला केला. हुकांवरून काढून, घडी करून बाकावर ठेवला. थोरल्यांना हाताला धरून पहिल्या खुर्चीपाशी आणलं, आणि स्वतः त्या खुर्चीत बसला. मी दाराशी पेपर वाचत होतो, तो खाली ठेवला.

"दादा, माझी दाढी कर."

थोरले नको नको म्हणायला लागले. गिऱ्हाईकं खोळंबलीत, तुझं काय हे. बाकावरची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. धाकट्यानं स्वतःच कापड गळ्याभोवती बांधलं. थोरल्यांनी शेवटी ब्रश घेतला. फेस जरा इकडे, जरा तिकडे, पण गालावरच. वस्तऱ्यात नवं ब्लेड घातलं. हवेत असेपर्यंत वस्तरा थरथरत होता. करंगळी गालावर टेकली आणि बराच शांत झाला. पहिला हात त्यांनी कल्ल्यापाशी मारला, बाईंनी जिथे दांडा टेकवला होता बरोबर तिथे. दुकानात रेडिओ तेवढा चालू होता.

धाकटा आरशातून बाकावरच्या माणसांकडे बघून बोलायला लागला. फेसानं ओठ भरलेले, तरी शब्द स्पष्ट होते. "एक सांगायचंय सगळ्यांना. दादा कधी प्यायला नव्हता. एकदाही नाही. मी खूण करायचो ती खोटी होती. दुकान चालावं म्हणून मी..."

"हलू नकोस," थोरले म्हणाले.

"नाही, बोलू दे. तुला माहीत नाही दादा, मी तुझ्या पाठीमागे लोकांना काय..."

थोरल्यांनी वस्तरा बाजूला केला, पात्यावरचा फेस मनगटाला पुसला, आणि दोन बोटांनी धाकट्याची हनुवटी धरून वर केली. मघाशी हलू नकोस म्हणाले होते त्याच आवाजात म्हणाले, "पडद्याच्या फटीतून समोरचा आरसा दिसतो, आणि त्यात तू. मला दिसायचं की रे सगळं, पहिल्या दिवसापासून."

मी माझ्या बुटांकडे बघत होतो. थोरल्यांना मी पोचवलेलंही कुठूनसं कळलं असणार, असं माझ्या मनात आलं, आणि ते आजही जात नाही.

थोरल्यांनी दुसरा कल्ला घेतला. धाकट्याला मान खाली घालता येत नव्हती, गळ्यापाशी ब्लेड होतं. वळवताही येत नव्हती. डोळे मिटावेत तर थोरले म्हणाले, डोळे उघडे ठेव, दोन्ही कल्ले सारखे झालेत का ते बघ. तेव्हा तो आरशात बघत राहिला.